दोन बेडरूमच्या घरात बाळाची खोली: काय करावे, काय टाळावे?

केतकीचे_बन
नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात बाणेरला दोन बेडरूमच्या सदनिकेत राहतो. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्याकडे पहिले बाळ येणार आहे. दुसरी बेडरूम सध्या यजमानांचे घरून काम करण्याचे ठिकाण आहे आणि पाहुणे आले की त्यांची झोपण्याची जागाही तीच. ती बाळासाठी तयार करावी असे ठरवून आम्ही एका इंटिरिअरवाल्या बाईंना बोलावले. त्यांच्या आराखड्यात जिप्समचे फॉल्स सीलिंग, त्यात ढगांच्या आकाराचे दिवे, एका भिंतीवर जंगलातल्या प्राण्यांचा वॉलपेपर, छतापर्यंत कपाट, चेंजिंग टेबल आणि आतून चारही बाजूंनी मऊ बंपर, म्हणजे गादीसारख्या पट्ट्या, बांधलेली क्रिब (बाळाचा गजांचा पलंग) असे सगळे आहे. अंदाजपत्रक साडेतीन लाखांच्या पुढे जाते.

सासूबाईंचे मत अगदी वेगळे आहे. छताला एक पाळणा टांगावा, त्यापलीकडे काही लागत नाही, आणि तोही बाळ जन्मल्यावरच घरात आणावा, असे त्या म्हणतात. दोन्हींच्या मधला काही शहाणपणाचा मार्ग असावा असे मला वाटते. ज्यांनी अशी खोली केली आहे, किंवा मुद्दाम केलेली नाही, त्यांनी पैसे कशावर घालावेत आणि कशावर घालू नयेत हे कृपया सांगावे.

पेठेतला_प्रश्न
जंगलातले प्राणी भिंतीवर कशाला? दोन महिने थांबा, रात्री तीन वाजता वाघाची डरकाळी प्रत्यक्ष ऐकू येईल.

एडिसनकर
केतकीताई, अभिनंदन. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे बाळ यायच्या आधी नर्सरी, म्हणजे बाळाची खोली, तयार करणे ही जवळजवळ सामाजिक जबाबदारी मानली जाते. रंग ठरतो, विषय ठरतो, आजोळच्या मंडळींना छायाचित्रे जातात. आणि मग पहिल्याच तपासणीला डॉक्टर सांगतात की बाळाला किमान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण त्यांच्या पलंगावर नव्हे, स्वतंत्र बिछान्यावर झोपवा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची ही जाहीर शिफारस आहे. त्यामुळे आमच्या इमारतीत सजवलेल्या खोल्या रिकाम्या आहेत आणि बाळे शेजारच्या खोलीत आईच्या पलंगालगत झोपलेली आहेत.

आपल्या आराखड्यातले बंपर मात्र आजच काढून टाकायला सांगा. गुदमरण्याच्या धोक्यामुळे २०२२ च्या कायद्याने अमेरिकेत गादीसारख्या बंपरची विक्रीच बंद केली आहे. एक बाजू खाली सरकणाऱ्या क्रिबवर तर इथे २०११ पासून बंदी आहे, कारण ती बाजू निसटून पडलेल्या फटीत बाळे अडकत असत. भारतात दोन्ही वस्तू सर्रास मिळतात आणि दिसायलाही फार गोड असतात.

वऱ्हाडी_ठेचा
मला एक साधी शंका आहे. बाळंतपण कुठे होणार? पहिले बाळंतपण आमच्याकडे अजूनही माहेरीच होते. सव्वा महिना, बारसे, मग थंडी, मग "आता उन्हाळा लागू दे" असे करत सून आणि बाळ तीनचार महिन्यांनी घरी येतात. आपलेही तसेच असेल तर बाणेरची खोली तोवर रिकामीच राहील. पहिल्या खोलीचा विचार आपल्या आईच्या घरी करावा लागेल, आणि त्याबद्दल त्या बाईंच्या आराखड्यात एक शब्दही नसेल.

केतकीचे_बन
वऱ्हाडी_ठेचा, आपण नेमक्या जागी बोट ठेवलेत. बाळंतपण सांगलीला माहेरीच आहे आणि मी साधारण मार्चमध्ये पुण्याला येईन. आईकडे मधली खोली मिळेल. खोली जुनी आहे, भिंतींना ऑइल पेंट आहे आणि खिडकीच्या गजांचे पोपडे निघालेले आहेत. आईने रंगाऱ्याला ऑक्टोबरमध्ये बोलावले आहे.

गिलावा
मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे, म्हणून आधी सांगलीच्या खोलीबद्दल लिहितो. बाणेरच्या सीलिंगपेक्षा मला तिची काळजी अधिक वाटते.

आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिसे भरपूर असू शकते. लोखंडी गजांना गंज लागू नये म्हणून जुन्या काळी शेंदरी प्रायमर देत, तोही शिशाचाच. हा रंग भिंतीवर घट्ट बसलेला असताना फारसे काही करत नाही. रंगारी तो पॉलिशपेपरने कोरडा घासू लागला की त्याची धूळ घरभर होते, आणि ती धूळ गर्भवती स्त्रीसाठी आणि बाळासाठी सर्वांत वाईट. म्हणून पोपडे ओले करून खरवडावेत, घासायचे तेही पाणी मारून. काम चालू असताना आणि फरशी ओल्या फडक्याने दोनतीनदा पुसून होईपर्यंत आपण त्या घरात राहू नये. शक्य असेल तर काम ऑक्टोबरवर न ठेवता आधीच उरकून घ्यावे, म्हणजे नव्या रंगाचा वासही निघून जाईल.

आता बाणेर. छतापर्यंतचे कपाट कशाचे आहे ते विचारा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून केलेल्या फळ्या, यांच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू बरेच महिने बाहेर पडत राहतो, आणि २००४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवी कर्करोगकारकांत केलेली आहे. कमी उत्सर्जनाचे, ई-वन किंवा ई-झिरो दर्जाचे बोर्ड मागता येतात. सुतार कुरकुर करतो, पण आणतो. कपाटाच्या सर्व कडांना पट्टी लावून घ्या, मागची न दिसणारी कडसुद्धा सोडू नका, कारण वायू उघड्या कडेतूनच जास्त सुटतो. घरात जुने सागवानी किंवा लोखंडी कपाट असेल तर त्याला बाळाच्या खोलीत मानाने जागा द्या.

फॉल्स सीलिंगबद्दल एवढेच म्हणतो की सासूबाईंचा पाळणा आणि बाईंचे ढग एकाच छताला सुखाने नांदणार नाहीत.

पेठेतला_प्रश्न
म्हणजे सासू आणि इंटिरिअरवाली यांच्यातला वाद स्लॅबपर्यंत गेला.

माई_रत्नागिरी
मी वयाने थोडी मोठी आहे, म्हणून बाळंतिणीची खोली कशी असे ते सांगते. घरातली सर्वांत आतली, अंधारी खोली. खिडकीला जाड पडदा, वाऱ्याची झुळूक येऊ नये म्हणून दाराच्या फटीत चिंध्या, खाटेखाली शेगडी आणि तिच्यावर ओवा, वेखंड, बाळंतशेपा यांची धुरी. सजावट म्हणाल तर पाळण्यावर टांगलेले चिमणाळे तेवढे. तरीही ती खोली फार विचारपूर्वक लावलेली असे. बाळंतिणीला बसल्या जागेवरून पाणी, दुपटी, लंगोट, तेल, सगळे हाताला येई आणि मालिशवाल्या बाईसाठी पाट-पाणी मोरीजवळ तयार असे. आताच्या खोल्यांत ढग आहेत, ससे आहेत, पण आईला पाठ टेकायला जागा नाही, हे मी माझ्या भाचीकडे पाहिले.

त्या खोलीतली एक गोष्ट मात्र परत आणू नका, ती म्हणजे बंद दारामागची कोळशाची शेगडी. कोळशाच्या वायूला वास नसतो, माणसाला झोप लागते आणि जाग येत नाही. आमच्या आळीत असे घडलेले आहे. शेक घ्यायचा असेल तर दारे-खिडक्या उघड्या ठेवून घ्यावा आणि शेगडी लगेच बाहेर न्यावी. लहान बाळाच्या नाकाशी धूर करण्यापेक्षा दुपटी कडकडीत उन्हात वाळवलेली बरी.

पाळण्याला मात्र कोणी नावे ठेवू नयेत. आणि रिकामा पाळणा हलवू नये.

स्टेथोस्कोप
माईंच्या शेगडीबद्दलच्या सांगण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. धूर तर श्वसनमार्गाच्या दृष्टीने कोणत्याच नावाने चालणार नाही, मग तो धुरीचा असो, उदबत्तीचा असो किंवा डासांच्या कॉइलचा.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. खोलीविषयी आमच्या बाजूने सांगण्यासारखे मुख्य आहे ते झोपण्याच्या जागेबद्दल. बाळाला दर वेळी उताणे झोपवावे. गादी सपाट आणि टणक असावी, हाताने दाबली असता खळगा पडू नये. त्या जागेत उशी, लोड, जाड गोधडी, मऊ खेळणी, यांपैकी काहीही नसावे. राईची उशीसुद्धा नसावी. हे वाचून अनेक आज्या माझ्यावर नाराज होतील याची मला कल्पना आहे.

क्रिब घेतल्यास दोन गजांमधले अंतर सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे. दुकानात मोजपट्टी नसेल तर शीतपेयाचा कॅन गजांमधून आत घालून पाहावा, तो जाता कामा नये. गादी आणि चौकट यांच्यात दोन बोटे शिरत असतील तर गादी लहान आहे.

पाळण्याबद्दल बोलायचे तर सपाट तळाचा, उंच कडांचा लाकडी पाळणा पहिल्या काही महिन्यांत, कोणी मोठे माणूस जवळ असताना, वापरायला माझी हरकत नाही. साडीच्या झोळीत मात्र बाळ अर्धगोल होते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्यात रात्रभर झोपवू नये. बाळ कुशीवर वळू लागले किंवा हातांवर जोर देऊन उठू लागले की पाळणा बंद करावा.

माई_रत्नागिरी
डॉक्टर, राईच्या उशीने डोके गोल राहते, हे काही आम्ही स्वप्नात पाहिले नव्हते. आमच्या घरातल्या सगळ्यांची डोकी गोल आहेत.

स्टेथोस्कोप
माई, उशीशिवाय झोपलेल्या बहुतेक मुलांचीही डोकी पुढे गोलच होतात. बाळ जागे असताना, आपली नजर असताना त्याला दिवसातून काही वेळा पालथे ठेवावे आणि पाळण्यातली डोक्याची दिशा बदलत राहावे. पाळणा भिंतीला लागून असेल तर बाळ सतत माणसांच्या बाजूलाच पाहते, म्हणून कधी डोके या टोकाला, कधी त्या टोकाला करावे. त्यासाठी राई लागत नाही. राई आपण फोडणीला ठेवू.

भाडेकरू_क्र_७
आम्ही ठाण्यात भाड्याच्या घरात राहतो आणि घरमालकांनी खिळा ठोकायलासुद्धा मनाई केली आहे. त्यामुळे आमच्या बाळाच्या खोलीवरचा सगळा खर्च हलवता येणाऱ्या वस्तूंवर झाला, आणि तेच बरे झाले असे वाटते. चाकांची तीन कप्प्यांची ट्रॉली घेतली. दिवसा ती हॉलमध्ये असते, रात्री पलंगाजवळ. चेंजिंग टेबल घेतलेच नाही, जमिनीवर रबरी चादर आणि वर दुपटे अंथरतो. जमिनीवरून बाळ पडत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. स्तनपानासाठी हात टेकता येतील अशी खुर्ची मात्र चांगली घ्यावी. आईचे दिवसातले कित्येक तास तिच्यावर जातात.

एडिसनकर
क्र. ७ यांच्याशी सहमत आहे. उंच कपाट किंवा ड्रॉवरची टेबले घेणाऱ्यांनी ती भिंतीला पट्टीने आवळून घ्यावीत. मूल वर्षाचे झाले की उघडलेल्या ड्रॉवरचा जिना करून वर चढते आणि टेबल त्याच्यासकट पुढे येते. खिडकीच्या पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांचे फासही कापून टाकावेत आणि क्रिब कधीही खिडकीखाली ठेवू नये.

उत्तरध्रुव
फिनलंडमधून लिहितो आहे. इथे १९३८ पासून सरकार गर्भवती मातांना एक पेटी देते. सुरुवातीला ती केवळ गरजू कुटुंबांना मिळे, १९४९ पासून सर्वांना मिळू लागली. पेटीत कपडे, पांघरूण, अंघोळीच्या वस्तू असतात आणि तळाशी एक गादी असते. सगळे सामान काढले की उरलेला पुठ्ठ्याचा खोका हाच बाळाचा पहिला बिछाना होतो. पेटीऐवजी रोख रक्कमही घेता येते, पण पहिल्या बाळाच्या वेळी बहुतेक जण पेटीच घेतात. आमचा मुलगा त्याच खोक्यात आमच्या पलंगाशेजारी झोपला. सजावट म्हणून खोक्याच्या बाहेरच्या बाजूला जे चित्र छापलेले होते तेवढेच.

पेठेतला_प्रश्न
आमच्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात आंबे येतात आणि तळाशी पेंढा असतो. सोय तीच आहे, फक्त सरकारी नाही.

रंगीत_खडू
सगळ्यांनी सजावटीला इतके झोडपले आहे की तिच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे.

वॉलपेपरवरचा हत्ती नवजात बाळाला दिसत नाही, हे खरे. पहिल्या आठवड्यांत बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचेच स्पष्ट दिसते, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढेच. रंगांचे बारकावे तर त्याला काही महिन्यांनी कळू लागतात. म्हणून फिकट गुलाबी आणि फिकट निळ्या छटा निवडण्यात आपण जो जीव काढतो, त्याचे बाळाला काहीही देणेघेणे नसते. परंतु ती खोली आमचीही आहे. नऊ महिने ज्याच्या पोटात काहीच घडत नाही, त्या बापाला वाट पाहण्यासाठी हाताला काहीतरी काम हवे असते. मी एका प्लायच्या फळीवर गेरू दिला आणि पांढऱ्या रंगाने वारली चित्र काढले. मूळ वारली चित्रे तांदळाच्या पिठाने काढतात, आणि त्यांतला सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे लग्नातला चौक. त्यात मधोमध पालघट देवी असते, ती सुफलतेची देवता. बाळाच्या खोलीत तिला यायला कोणाचे निमंत्रण लागू नये. गडद गेरूवर पांढऱ्या रेषा असल्याने बाळाच्या नजरेलाही ते चित्र लवकर ओळखीचे झाले. अर्थात आम्ही ती फळी बाळ जागे असताना जवळ आणून धरत असू, क्रिबवर टांगत नसू.

खेळणी सावंतवाडीची लाकडी आणली. तीही आधी केवळ पाहण्यासाठी, फळीवर उंच ठेवली. घेताना रंग कोणता वापरला आहे हे दुकानदाराला जरूर विचारावे, कारण पुढे सगळे तोंडातच जाते.

वऱ्हाडी_ठेचा
रंगीत_खडू, आपला मुद्दा पटला. तरीही साडेतीन लाखांत वारलीची एक फळी बसते, असे कुठे दिसत नाही.

माई_रत्नागिरी
मच्छरदाणीबद्दल अजून कोणी बोलले नाही, याचे मला नवल वाटते. आणि पावसाळ्यातल्या ओलाव्याबद्दलही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लंगोट वाळत नाहीत, मग लोक ते बाळाच्याच खोलीत पंख्याखाली दोरीवर टाकतात. त्याने खोली दमट होते आणि भिंतीला बुरशी धरते. दोरी दुसऱ्या खोलीत बांधावी. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर कपाट तिला चिकटवू नये, मागे वीतभर जागा सोडावी.

स्टेथोस्कोप
माईंनी योग्य आठवण केली. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही हवी. ती ताणून बसवावी, बाळाच्या अंगावर सैल पडू देऊ नये. खिडकीला जाळी बसवणे हा या संपूर्ण खोलीतला सर्वांत सार्थ खर्च आहे असे मी म्हणेन.

केतकीचे_बन
सर्वांचे मनापासून आभार. घरी सर्वांनी मिळून धागा वाचला. फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, बंपर आणि चेंजिंग टेबल रद्द केले आहे. क्रिब पहिले सहा महिने आमच्याच खोलीत, पलंगालगत राहील. दुसरी खोली यजमानांच्या कामाचीच राहील. त्यात एक आरामखुर्ची, खिडकीला जाळी आणि आजीचे लोखंडी कपाट येईल. सांगलीचे रंगकाम आई याच महिन्यात करून घेणार आहे आणि तेव्हा मी पुण्यातच असेन. इंटिरिअरवाल्या बाई थोड्या हिरमुसल्या, पण जाळी आणि वायरिंगचे काम त्या करून देणार आहेत.

सासूबाई पाळण्यावर ठाम आहेत, आणि खरे सांगायचे तर आता मलाही तो हवासा वाटू लागला आहे. गिलावा, आमच्या इमारतीत छताला कडी नाही. नवी कशी बसवावी?

गिलावा
आधी बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून स्लॅब कोणत्या पद्धतीचा आहे ते लेखी विचारून घ्या. काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबली असतात. तिथे अंदाजाने ड्रिल मारणे धोक्याचे असते आणि सोसायटी परवानगी देणारही नाही. साधा आरसीसी स्लॅब असेल तर अँकर फास्टनरने कडी बसते. मात्र ती स्लॅबच्या काँक्रीटमध्येच बसली पाहिजे, नुसत्या गिलाव्यात नव्हे. पाळणा हलताना कडीवर वजनापेक्षा अधिक ओढ येते, म्हणून बसवल्यावर बाळाच्या कितीतरी पट वजनाची तांदळाची पोती टांगून, झोके देऊन पाहावे. जागा ठरवताना पाळण्याचा झोका दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागणार नाही आणि बाळाला उचलणाऱ्याचे हात पंख्याच्या पात्यांपर्यंत जाणार नाहीत, हे आधी रिकाम्या खोलीत उभे राहून तपासा.

एवढी खटपट नको असेल तर स्टँडचा लाकडी पाळणा घ्या. तो सांगलीहून पुण्याला गाडीत घालून आणताही येतो.

पेठेतला_प्रश्न
पोत्याला झोके देताना सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवा. बाळ नसलेला पाळणा हलवलेला त्यांना चालणार नाही.

माई_रत्नागिरी
पोते असेल तर तो रिकामा कसा? आत तांदूळ आहेत. चालेल.

केतकीचे_बन
माई, हे उत्तर मी सासूबाईंना जसेच्या तसे वाचून दाखवले. त्यांनी मान्य केले आहे, पण तांदूळ आंबेमोहोर हवा म्हणतात. सोसायटीच्या चिटणीसांना स्लॅबबद्दल आज पत्र देत आहे. उत्तर आले की इथे कळवते.